कॉम्प्युटर बंद होत नाही

७ ऑक्टोबर, मंगळवार

कॉम्प्युटरवाल्याने फोनवर सांगितलं, "काकू, दर वेळी तुम्ही काय केलंत आणि त्याने काय केलं, ते लिहून ठेवा. आजाऱ्याचा ताप लिहितात तसं." म्हणून हे लिहायला घेतलं. डायरी फुकटची आहे. एका औषधवाल्याने आमच्याकडून छापून घेतल्या होत्या, मुखपृष्ठावर साल चुकलं म्हणून परत केल्या, तेव्हापासून कपाटात पडून आहेत. वार जुळत नाहीत, ते मी हाताने दुरुस्त करते. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात हयात गेली, त्यात ही एक.

तर आज नवा प्रिंटर आला. जोडल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, असं त्याच्या कागदावर लिहिलं होतं. केलं. पडद्यावरचं सगळं मिटलं, नेहमीचं होडीचं चित्र आलं, त्याखाली ठिपके लुकलुकायला लागले, आणि लुकलुकतच राहिले. चहा झाला, भांडी झाली, ठिपके चालूच. शेवटी बटण दाबून धरलं आणि त्याचा जीव घेतला. पुन्हा चालू केला तर काही झालंच नाही अशा थाटात उठला.

आमचे हे वारले मार्चमध्ये. त्यानंतर छापखान्याचं दुकान उघडलं तेव्हा मी कॉम्प्युटर एकदा बंद करायला गेले होते, तेव्हाही असाच अडकला. तेव्हापासून भीतीने तो चालूच ठेवला आहे. पण नव्या प्रिंटरचा कागद अडकला की रीस्टार्ट केल्याशिवाय तो ओळख दाखवत नाही. म्हणजे रोज हा खेळ आला.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, त्याला मारत जाऊ नकोस. मेला तर काय करशील?" वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्या, ह्यांचं दुखणं काढायला म्हणून आल्या, त्या अजून आतल्या खोलीत आहेत. कधी जाणार हे मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कॉम्प्युटरवाला आला. बाजारात त्याला सगळे गोगलगाय म्हणतात, कारण पाठीवर भलंमोठं दप्तर आणि चाल तशीच. पन्नाशीचा असेल. दप्तर उतरवायलाच त्याला एवढा वेळ लागला की वन्संनी दोनदा चहाचं विचारलं.

"काकू, हे लिनक्स आहे," तो म्हणाला. "विंडोज असतं तर डोळे झाकून केलं असतं."

"मग डोळे उघडे ठेवून करा," मी म्हटलं.

हसला. माणूस वाईट नाही. ह्यांनी लिनक्स घातलं ते कोणाचं मिंधं नको म्हणून. अक्षरं जुळवण्यापासून छपाईपर्यंतच्या सगळ्या गोष्टी त्यांनी त्यात स्वतः बसवल्या, बारीकसारीक आज्ञा स्वतः लिहिल्या. मला त्यातलं फक्त जे रोज लागतं तेवढं येतं.

गोगलगायने विचारलं, "हे आधीपासून होतं, की आत्ता सुरू झालं?"

मी म्हटलं, "हे गेल्यापासून. आधी असं कधीच झालं नाही."

"म्हणजे मार्चनंतर काय बदललं ते शोधायचं." मग त्याने तोच धागा धरला. मार्चनंतर आपोआप आलेले प्रोग्रामचे नवे भाग काढले, जुने घातले. पेटी उघडून धूळ झाडली. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने पुसल्या. रीस्टार्ट. होडी, ठिपके. पुन्हा बटण.

जाताना दाराच्या चौकटीवरून गेलेली वायर बघून म्हणाला, "ही कुठे जाते?"

"आतल्या खोलीत. तिचा आता उपयोग नाही," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि दप्तर चढवलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

काल वायरचं लिहिलं, ते अर्धवट राहिलं. ह्यांना उठवेना झालं तेव्हा अंथरुणात लॅपटॉप दिला होता. दुकानातला मोठा कॉम्प्युटर मी चालवायची. दिवसभर जी पानं जुळवली ती संध्याकाळी त्या वायरमधून आत जायची. हे सकाळी वाचायचे, चुकांवर लाल खुणा करायचे, पानं परत माझ्याकडे यायची. एकही चूक नसेल तर पानावर वर "ठीक" एवढंच.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचायला मी छापखान्यातल्या रद्दीवर शिकले. लग्न झालं तेव्हा हे प्रुफं वाचायचे आणि मी मूळ कागद हातात धरून मोठ्याने वाचून दाखवायची. शब्द अडला की हे न बघता सांगायचे. मग घरी पुस्तकं आणायला लागले. आता मी कुठलंही पुस्तक वाचते, फक्त चूक दिसली की गोष्ट बाजूला राहते.

सुरुवातीला माझी पानं परत यायची ती लालेलाल. पोरीने मेंदी काढावी तशी. मग खुणा कमी झाल्या. जानेवारीपासून तर नुसतं ठीक, ठीक, ठीक. हे मी आज वन्संना सांगितलं, की शेवटी शेवटी त्यांना माझ्यात चूक सापडायची नाही. जरा बढाईच मारली. वन्सं कप उचलून आत गेल्या. त्यांना माझं कौतुक कधी सोसलं आहे?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानदार संघाचे सचिव आले. चौकातले चष्मेवाले. दर वर्षी संघाचा अहवाल आमच्याकडेच छापतात. या वर्षी कागदांची पिशवी काउंटरवर ठेवली, पण हात तिच्यावरच.

"वहिनी, स्पष्ट बोलतो. कार्यकारिणीत दोघं-तिघं म्हणत होते की आता तिकडे वाचणारं कोण आहे? मी म्हटलं, एक संधी देऊ."

"मी वाचते," मी म्हटलं.

"तुम्ही वाचता हो. पण ते वाचायचे." मग माझ्याकडे न बघता, "आणि अक्षर जरा मोठं घ्या. मागच्या वेळी म्हातारे सभासद माझ्याकडे भांडायला आले."

"तुमचा धंदाच वाढला की मग," मी म्हटलं, तेव्हा हसले आणि हात काढला. एक तारखेला सभा आहे. एकतीसला प्रती पाहिजेत.

मुलाला फोनवर सांगितलं. तो दुसऱ्या गावी असतो, रोज फोन करतो. म्हणाला, "आई, तू ऐक. मी महिनाअखेर टेम्पो घेऊन येतोच आहे. प्रिंटर परत करू, तो डबडा भंगारात देऊ, दुकान भाड्याने देऊ, तू आमच्याकडे ये. नाहीतर निदान कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने भरून घे. तासाभराचं काम आहे."

"पुसायचा नाही."

"का?"

"त्यात ह्यांचं सगळं आहे."

"आई, त्यात अक्षरं आणि लग्नपत्रिका आहेत."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण नंतर तो वरमला. म्हणाला, बरं, अहवाल वेळेवर आणि नीट गेला तर मी पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. नाही गेला तर तू माझं ऐकायचं. मी हो म्हटलं. आता हो म्हटलंच आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काम चालू आहे. अध्यक्षांचं मनोगत जुळवलं. चार पानांत एक पूर्णविराम सापडला.

प्रिंटरने दोनदा कागद खाल्ला. दोनदा रीस्टार्ट, दोनदा होडी, दोनदा बटण. गोगलगाय फोनवर म्हणतो, "काकू, असं सारखं मारू नका. लिहिता लिहिता हात ओढल्यासारखं होतं, एखाद दिवशी फाइलच फाटेल." मग काय करू विचारलं तर म्हणतो, बुधवारी येतो. आज शनिवार आहे.

दुपारी आतल्या खोलीत गेले होते, कात्री शोधत. वन्सं ह्यांच्या पलंगावर बसून भिंतीकडे बघत होत्या. त्या वायरचं टोक खिळ्याला गुंडाळून ठेवलं आहे, तिथे. मी कात्री घेऊन आले.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज सापडलं.

गोगलगाय म्हणाला, "आपण चित्राच्या मागे काय चाललंय ते बघितलंच नाही." ती होडी ह्यांनीच लावली होती, मागच्या पांढऱ्या ओळींना गिऱ्हाइकं घाबरतात म्हणून. त्याने होडी काढली आणि रीस्टार्ट केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर पळाल्या आणि एकीवर येऊन थांबल्या. तिच्या शेवटी घड्याळ चालू होतं.

"हं. घोडं इथे पेंड खातंय," तो म्हणाला. "काकू, 'आतली खोली' म्हणजे काय?"

मी म्हटलं, "आतली खोली म्हणजे आतली खोली."

"नाही, काकांनी एका आज्ञेला ते नाव दिलंय." मग त्याने मला बोट ठेवून वाचून दाखवलं. कॉम्प्युटर बंद होण्याआधी दिवसभराची पानं आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला पाठवायची. मिळाली असं तिकडून उत्तर आलं की मगच बंद व्हायचं. आणि उत्तराची किती वेळ वाट बघायची, त्या जागी ह्यांनी लिहिलं होतं, मर्यादा नाही.

"इतर सगळ्या आज्ञांना दीड मिनिट असतं. उत्तर नाही आलं तर सोडून देतात. हिला काकांनी मुद्दाम सोडायला बंदी केलीय. लॅपटॉप कुठे आहे?"

लॅपटॉप मुलाने एप्रिलमध्ये नेला. पुसून नातीला अभ्यासाला दिला.

"मग हा कोणाच्या उत्तराची वाट बघणार? दुखणं म्हशीला आणि आम्ही औषध देतोय पखालीला. पण काकू, तुम्ही म्हणालात आधी असं होत नव्हतं. आधीही हा थांबतच असणार की."

मी आठवून बघितलं. थांबायचा. संध्याकाळी मी दाराशी जाऊन ह्यांना सांगायची, बंद करते आहे. मग खुर्च्या लावायची, रद्दी गोळा करायची, आणि केव्हातरी मागे कॉम्प्युटर आपला बंद झालेला असायचा. त्याला मी थांबणं कधी म्हटलंच नाही. दुकान बंद करायला वेळ लागतो, तसा तो लागायचा.

"लॅपटॉप झाकण पाडून झोपवलेला असणार," गोगलगाय म्हणाला. "झाकण उघडून कोणीतरी बटण दाबायचं, तेव्हा उत्तर यायचं."

"हे दाबायचे," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

वन्सं दारात चहा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "वहिनी, तो नाही दाबायचा. मी दाबायचे."

गोगलगायने चहा घाईने घेतला. पहिल्यांदाच त्याला घाईने काही करताना बघितलं. दप्तर भरता भरता म्हणाला, "ओळ काढून टाकू का? लगेच होईल." मी म्हटलं, आज नको.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

वन्संनी सांगितलं ते असं. नव्या वर्षापासून ह्यांना अक्षर दिसत नव्हतं. म्हणजे दिसायचं, पण ओळी एकीत एक जायच्या. पहिले काही दिवस हे झाकण उघडून नुसते बसायचे. मग एक दिवस वन्संना म्हणाले, ठीक लिही आणि बटण दाब. पुढे हात उठेना, तेव्हा झाकणही वन्संच उघडायच्या.

"म्हणजे माझी पानं कोणी वाचलीच नाहीत?"

"नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"दादा नको म्हणाला. म्हणाला, मी वाचणार आहे असं वाटलं की ती आपली आपण दोनदा वाचते. तेवढं पुरे आहे. सांगितलंस तर घाबरेल आणि दुकान बंद करेल."

मी म्हटलं, "तुम्ही दोघं बहीणभाऊ आत बसून मला खेळवत होतात."

"वहिनी, असं नको बोलूस गं."

मी बोलले. आणखीही बोलले, ते लिहीत नाही. नंतर वन्संनी आतून दार लावून घेतलं. रडत असतील. मीही काही हसत नव्हते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कपाटातून जानेवारी ते मार्चचे नमुने काढले. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत आम्ही ठेवतो. सगळे वाचले, मूळ कागदांशी लावून.

एका दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेत तारीख बरोबर, वार चुकला आहे. एका शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत 'प्रमुख' शब्दातला रफार की रकार, जे काय ते, गायब आहे आणि पाहुणे पमुख झाले आहेत. आणि एका म्हाताऱ्या बाईच्या निधनाच्या सूचनेत तिच्या धाकट्या मुलाचं नाव दोनदा आहे आणि थोरल्याचं नाहीच.

ही शेवटची चूक मी तीनदा वाचली. थोरला मुलगा कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करतो. मला रोज दिसतो, रोज हसतो. कधी काही बोलला नाही. ह्यांच्या दुखण्याकडे बघून गप्प बसला असेल. किंवा वाईट वाटून गिळलं असेल.

म्हणजे चष्मेवाले म्हणतात ते खरंच आहे. मी वाचते, पण ते वाचायचे.

संध्याकाळी सायकलवाल्याकडे गेले. सांगितलं. तो चाक फिरवत राहिला, मग म्हणाला, "मावशी, त्या दिवशी कोण काय वाचतंय? आईला माहीत होतं मी कोण ते." आणि मला बसायला स्टूल दिलं. त्यावर बसायला मला लाज वाटली, तरी बसले.

२५ ऑक्टोबर, शनिवार

प्रिंटरने पुन्हा कागद खाल्ला. मी रीस्टार्ट केलं आणि चित्राशिवायचा काळा पडदा बघत बसले. आतली खोली, मर्यादा नाही, आणि पुढे चढत जाणारं घड्याळ. गोगलगाय म्हणाला होता त्याप्रमाणे ओळ काढली असती तर हे झालं नसतं. पण काढवत नाही. कोणीतरी बसून विचारपूर्वक ते लिहिलं आहे. इतरांना दीड मिनिट, हिला मर्यादा नाही. ह्यांनी कशाला उगीच लिहिलं असेल?

बराच वेळ बसले. मग बटण दाबून धरलं.

उठल्यावर अहवालाची फाइल उघडली तर कोरी. नाव आहे, आत काही नाही. सगळी पानं गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार

गोगलगाय मुलीकडे गेला आहे. फोनवर म्हणाला, गेलेलं परत आणायला तो आल्यावर बघेल, पण आशा धरू नका. बुधवारपर्यंत छापलेली कच्ची पानं माझ्याकडे कागदावर आहेत. त्यापुढचं मूळ कागदांवरून पुन्हा करावं लागेल. एकतीस तारीख तोंडावर आली आहे.

मुलाचा फोन आला. त्याला सांगायचं नव्हतं, पण आवाजावरून ओळखलं. रागावला नाही. तेच जास्त लागलं. "आई, गुरुवारी निघतो मी. तू पुरे कर आता," म्हणाला. मी म्हटलं, "गुरुवार यायचाय अजून."

मग पुन्हा गोगलगायला फोन लावला. म्हटलं, "ती ओळ मला काढता येईल का?"

"येईल की. मी सांगतो तसं दाबत चला." मागे त्याच्याकडे लहान मूल रडत होतं. एकेक अक्षर सांगत त्याने मला त्या फाइलीपर्यंत नेलं. ह्यांनी लिहिलेल्या ओळी समोर आल्या. प्रत्येक आज्ञेच्या आधी जागा सोडलेली, सगळं एका रेषेत. ह्यांचं टंकणंसुद्धा स्वच्छ होतं.

"आता ती पूर्ण ओळ खोडा."

माझं बोट काही पुढे जाईना. त्याने मागच्या रडणाऱ्या मुलाला चुचकारलं. मग म्हणाला, "काकू, खोडायची नसेल तर आणखी एक करता येतं. ओळीच्या सुरुवातीला एक खूण घाला, आडव्या-उभ्या रेघांची, आकड्यांच्या वर असते ती. म्हणजे ओळ तिथेच राहते, पण कॉम्प्युटर तिला वाचत नाही. सोडून पुढे जातो."

"आणि आपल्याला वाचता येते?"

"आपल्याला येते."

ती खूण घातली. मग त्याने आणखी एक आज्ञा सांगितली, तीही दाबली. रीस्टार्ट केलं. पांढऱ्या ओळी पळाल्या, कुठेही न थांबता, पडदा काळा झाला आणि लगेच उजळला.

"झालं का?" गोगलगाय विचारत होता.

झालं म्हटलं. बरं वाटायला हवं होतं. एवढे दिवस ज्याच्यासाठी नाकी नऊ आले, ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झालं होतं, आणि मी फोन हातात धरून तशीच बसले. नंतर पहिल्या पानापासून जुळवायला घेतलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

जुळवणं चालू. पाठ धरली आहे. कॉम्प्युटर शहाण्यासारखा वागतो आहे.

वन्संनी बॅग बाहेर काढली. म्हणाल्या, "वहिनी, आता मी जाते. इथे माझं काही काम उरलं नाही." मी कीबोर्डवरून मान न उचलता म्हटलं, "गुरुवारी प्रुफं वाचायची आहेत. मूळ कागद धरून वाचून दाखवायला मला कोणी नाही."

"मला काय येतं त्यातलं?"

"तुम्ही टेलिफोन ऑफिसात काय केलंत? आकडे आणि नावं वाचलीत ना दिवसभर? तेच करायचं आहे."

"त्याचे मला पैसे मिळायचे."

"इथे चहा मिळेल."

बॅग परत आत गेली. अजून ती भरलेलीच आहे, मी बघितली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळपासून वाचन. वन्संनी मूळ कागद धरले, मी प्रुफं आणि लाल पेन. अशी वाचायची एक पद्धत असते, ती त्यांना सांगितली. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. प्रत्येक शब्द तोडून म्हणायचा, खुणासुद्धा म्हणायच्या, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. मी ओळीशी ओळ लावते. जुळलं की मी म्हणते "पुढे", आणि तोपर्यंत वाचणाऱ्याने पुढे जायचं नाही.

वन्संचा आवाज या कामाला बसल्याबसल्या लागला. टेलिफोनवर असायचा तसा सपाट, स्वच्छ. अध्यक्षांच्या मनोगताला म्हणाल्या, "या माणसाला श्वास लागत नाही का?" आणि पुन्हा सपाट. लालेलाल पानं निघाली. मी घाईत केलेल्या चुका सगळ्या उघड्यावर. मी काही लपवलं नाही. दुपारी मी दुरुस्त्या घातल्या, पुन्हा छापलं, पुन्हा वाचलं. दुसऱ्या वाचनातही एक सापडली. तिसऱ्यात काही नाही. म्हणजे एकटीने दोनदा वाचून भागत नव्हतं, एवढंच. दोघी लागतात.

मुलगा दुपारी टेम्पो घेऊन आला. आम्हाला बघून दारातच थांबला. वन्संनी कागदावरून नजर न हलवता हाताने त्याला बसायची खूण केली. तो गठ्ठ्यावर बसून ऐकत राहिला. मग उठून टेम्पोवाल्याला काहीतरी सांगून आला. टेम्पो गेला.

शेवटचं पान उरलं होतं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, जुळवतानाही आणि वाचतानाही. वर्षभरात जे सभासद गेले त्यांची नावं असतात ते पान. दर वर्षी हे पान हे स्वतः वाचायचे. म्हणायचे, या लोकांना आता तक्रार करता येत नाही, म्हणून इथे चूक होऊ द्यायची नाही.

वन्सं वाचायला लागल्या. किराणावाले. पूर्ण नाव, स्वल्पविराम, दुकानाचं नाव, पूर्णविराम. पुढे, मी म्हटलं. लोहारकामवाले, त्यांचं पूर्ण नाव. पुढे. कापडवाल्या बाई. पुढे.

मग वन्सं थांबल्या. मुलाने मान वर केली. मी पेन प्रुफावर धरून ठेवलं होतं, त्याचं टोक पहिल्या अक्षरावर. त्यांना पाणी हवं का म्हणून विचारणार होते, पण विचारलं नाही.

त्यांनी वाचलं. त्याच सपाट आवाजात, एकेक शब्द तोडून. ह्यांचं नाव, ह्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव. स्वल्पविराम. छापखाना. पूर्णविराम.

मी अक्षर न् अक्षर लावून बघितलं. वेलांट्या बघितल्या, मात्रा बघितल्या, खालचा पूर्णविराम बघितला. कुठेही चूक नव्हती. पुन्हा एकदा बघितलं.

"पुढे," मी म्हटलं.